माईक हातात आला की काय करायचं: एका साऊंडवाल्याचं सांगणं

मी भाषणं करत नाही, भाषणं ऐकवतो. सांगलीत मंडप-लाईट-साऊंडचा धंदा करून पंचवीसेक वर्षं झाली. सोसायटीची वार्षिक सभा, शाळेचं स्नेहसंमेलन, निरोप समारंभ, शोकसभा, प्रचाराची कोपरा सभा, जिथं माईक लागतो तिथं मी मंडपाच्या कडेला टेबल टाकून मिक्सरमागं, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रामागं, बसलेला असतो. वक्ता बोलत असताना सगळे त्याच्याकडं बघतात. मी लोकांकडं बघतो, कारण आवाज पोचतोय का ते तिथंच कळतं. मागच्या रांगेतल्या माणसानं मान पुढं काढली, तर आवाज कमी आहे, वाढवायचा. त्यानं खिशातनं मोबाईल काढला, तर आवाज ठीक आहे, बोलण्यात काही राहिलेलं नाही. त्याला माझ्याकडं बटण नाही.

एवढी भाषणं कानावरून गेल्यावर मला तरी बोलता यायला हवं होतं. येत नाही हे 2019 च्या पुरानंतर कळलं.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. माझं गोडाऊन नदीकडच्या अंगाला. दोन अँप्लिफायर, अठरा कॉलम (स्पीकरचे उभे खोके), केबलच्या पेट्या, सगळं पाण्याखाली. पूर ओसरल्यावर आम्हा लहान धंदेवाल्यांची बैठक लागली, पंचनाम्यात आमचा माल का धरला नाही ते विचारायला. साहेब येऊन बसले. कुणीतरी म्हणालं, "तुमचंच जास्त गेलंय, तुम्ही बोला." उठलो. माईक मीच लावलेला, वायर मीच ओढलेली. तोंडाशी नेला आणि डोकं कोरं झालं. घशातनं काही निघेना, आणि निघालं ते काय? "हॅलो, हॅलो, चेक, वन टू थ्री."

सगळी बैठक हसली. साहेबसुद्धा. त्या हशात माझा अडकलेला श्वास सुटला. मग म्हटलं, "साहेब, अठरा कॉलम होते. एकटा उचलतो मी एरवी, पण पाणी उतरल्यावर एकेकाला दोघं लागले. जाळी खोलली तर आतल्या कागदी कोनाचा लगदा झालेला." लगदा मी कॅरिबॅगमधून आणला होता, तो टेबलावर ठेवला. दोन-अडीच मिनिटं बोललो असेन. कुणी मोबाईल काढला नाही. (भरपाईचं काय झालं तो वेगळा विषय आहे, त्यावर मी माईकशिवायही बोलू शकतो.)

त्या दिवसानंतर मी लोकांना भाषणाबद्दल सांगायला लागलो. आधी सांगायची हिंमत नव्हती.

बोलायचं काय

आमची धाकटी भावजय बचत गटाची अध्यक्ष आहे. तालुक्याच्या मेळाव्यात तिला पाच मिनिटं मिळाली होती. चार पानं घेऊन आली माझ्याकडं. "भावजी, ऐका जरा." वाचायला लागली: सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान सर्व मान्यवर, स्त्री ही क्षणाची पत्नी आणि अनंतकाळची माता असते...

"हे कुणी लिहिलं?"

"पोरानं मोबाईलवर काढून दिलं."

"बरं. तुमच्या गटानं पहिल्यांदा काय केलं होतं?"

"चटणी. चाळीस किलो. त्यातली बारा किलो परत आली."

"का गं?"

"मीठ जास्त झालं. दोघींनी घातलं, मी बी घातलं आणि तिनं बी घातलं. एकमेकींना विचारलंच नाही."

"मग हेच बोल की."

"एवढ्या लोकांत? मीठ जास्त पडलेलं सांगू?"

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. पण मंडपाच्या कडेला बसून मी हेच बघत आलोय. "महिला सक्षमीकरण" हा शब्द आला की बायका पदर सावरतात, शेजारणीशी बोलायला लागतात. "बारा किलो परत आली" म्हटल्यावर चटणी केलेली प्रत्येक बाई वर बघते. तिच्याही घरी कधी मीठ जास्त पडलेलं असतं.

तर पहिलं काम हे. विषय कितीही मोठा दिलेला असू दे, त्यातलं आपल्या हातून गेलेलं, डोळ्यांनी बघितलेलं, मोजता येणारं काय आहे ते शोधायचं. पाणी हा विषय असेल तर तुमच्या नळाला आठवड्यात किती वार पाणी येतं तिथनं सुरू करा. निरोप समारंभ असेल तर "मनमिळाऊ, कष्टाळू, शांत स्वभावाचे" हे राहू द्या. त्या माणसानं एखाद्या मंगळवारी तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. हे मोबाईलवर काढून मिळत नाही. भीतीवरचा निम्मा उपायही हाच आहे. पाठ केलेलं विसरतं. मीठ कसं जास्त पडलं ते कोण विसरेल?

दुसरं, बोलून झाल्यावर लोकांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं, ते एका वाक्यात ठरवा. भावजयीला मिरची कांडपाच्या मशीनसाठी कर्ज हवं होतं आणि ते मंजूर करणारे लोक पहिल्या रांगेत बसणार होते. चार पानांत मशीन कुठंच नव्हतं! नानासाहेब, दादासाहेब सगळे होते.

कागद

पहिलं वाक्य पाठ करा. शेवटचं वाक्य पाठ करा. मधल्यासाठी नुसते शब्द लिहा, मोठ्या अक्षरात. तिच्या कागदावर शेवटी एवढंच राहिलं: चाळीस, बारा, मीठ, दोघी, परत विकली, मशीन. पूर्ण वाक्यं लिहिली की माणूस वाचतो, आणि वाचणाऱ्याचा आवाज सपाट होतो; मला मिक्सरवर सुई एका जागी खिळलेली दिसते.

कागद म्हणून जुनी लग्नपत्रिका घ्या, मागची कोरी बाजू. हे हसण्यावारी नेऊ नका. वहीचं पान हातात थरथरतं, ते थरथरताना सगळ्यांना दिसतं, आणि माईकजवळ असलं तर फडफड ऐकूही जाते. मग आपला हात थरथरतोय हे आपल्यालाच कळतं आणि तो जास्त थरथरतो. पत्रिकेचा जाड पुठ्ठा थरथरत नाही. घरोघरी पत्रिकांचा ढीग असतो, फुकटचं काम आहे.

आता नावं. आमच्या भागात नावं घेतल्याशिवाय भाषण सुरू होत नाही आणि एक राहिलं तर माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत रुसतो. तरी सांगतो, पाच मिनिटांच्या भाषणात दोन मिनिटं नावांत गेलेली मी घड्याळ लावून बघितली आहेत. सूत्रसंचालकानं नावं एकदा घेतलेली असतात. तुम्ही अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे ही दोन घ्या, आणि "मागं उभं राहून ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार" म्हणा. मागं उभं असलेल्यांना कधीच कुणी नमस्कार करत नाही, ते लगेच तुमचे होतात. आणखी एक, "मी काही वक्ता नाही" ने सुरुवात करू नका. ते लोकांना थोड्या वेळात कळणारच असतं, आपण कशाला आधी सांगायचं?

तयारी मोठ्यानं

मनातल्या मनात म्हटलेलं भाषण नेहमी सुंदर होतं. जीभ कुठं अडखळते ते मोठ्यानं म्हटल्यावरच समजतं. भावजय भाकरी थापताना म्हणायची. हात कामात असले की तोंड मोकळं सुटतं, असा माझा अनुभव आहे. मी केबल गुंडाळताना जेवढं नीट बोलतो तेवढं खुर्चीत बसून बोलता येत नाही. तिनं मोबाईलवर रेकॉर्ड करून वेळ बघितली, अकरा मिनिटं झाली. मिळालेली पाच. काय कापायचं यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. शेवटी तिनं गटाला मिळालेली प्रमाणपत्रं कापली आणि मीठ ठेवलं.

आपला रेकॉर्ड केलेला आवाज स्वतःला कसनुसा वाटतो. आपला आवाज एरवी आपण कवटीच्या आतनंही ऐकत असतो म्हणून. बाकीच्यांना तुमचा आवाज कायम तसाच ऐकू येतोय आणि ते अजून तुमच्याशी बोलतायत, तेव्हा त्याची काळजी सोडा.

माईक

इथं मात्र मी जरा सविस्तर सांगणार, कारण चांगली भाषणं इथं मेलेली मी बघितली आहेत.

कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी या. लोक यायच्या आधी रिकाम्या स्टेजवर चढा, जिथं उभं राहायचं तिथं उभं राहा, समोरच्या रिकाम्या खुर्च्या बघा. मग साऊंडवाल्याकडं या, "दादा, जरा दोन वाक्यं बोलून बघू का?" म्हणा. सगळ्या कार्यक्रमात त्याच्याशी कुणी बोललेलं नसतं. तो तुमच्या आवाजाप्रमाणं गेन, म्हणजे माईकनं आवाज किती उचलायचा ते, लावून ठेवेल आणि तुम्ही बोलत असताना बोट फेडरवरच, आवाजाच्या सरकत्या बटणावरच, ठेवेल. मी तरी ठेवतो.

माईकवर टकटक करायची नाही, फुंकर मारायची नाही. आतला पडदा नाजूक असतो आणि ती टकटक कॉलममधून पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या कानात गोळीसारखी जाते. तोंड आणि माईक यांच्यात चार बोटांचं अंतर. माईक थेट ओठांसमोर धरू नका, जरासा हनुवटीकडं खाली घ्या. नाहीतर प, फ, ब, भ म्हटलं की हवेचा झोत आत जातो आणि "भारत" शब्दाला धप्प असा बार निघतो.

माईकच्या जाळीवर मूठ आवळायची नाही. गाणी म्हणणारी पोरं आवळतात, ते बघून सगळे आवळायला लागलेत. जाळीखाली बारीक फटी असतात, त्यांच्यामुळं माईकला समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकू येतं. त्या झाकल्या की तो चहूबाजूंचं ऐकायला लागतो, कॉलममधून आलेला आवाज परत आत घेतो, तोच पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा आत, आणि शिट्टी. शिट्टी वाजली की घाबरून माईक खाली करून कॉलमच्या दिशेनं धरणारे लोक असतात. तसं केलं की ती वाढते. नुसतं एक पाऊल कॉलमपासून लांब व्हा आणि गप्प राहा. तेवढ्यात आम्ही बघतो.

स्टँडचा माईक असेल तर तो तुमच्या उंचीला आणून घ्या, त्यासाठी आम्ही असतो. वाकून बोलणाऱ्याची छाती दबते, श्वास पुरत नाही. डायसला गच्च धरू नका, प्रत्येक हालचालीचा धप्प आवाज माईकमधून जातो. बायकांनो, काचेच्या बांगड्या डायसच्या लाकडावर वाजल्या की शेवटच्या रांगेपर्यंत किणकिण जाते. काढू नका, हात जरा वर ठेवा, बास.

आणि स्टेजवरच्या पाहुण्यांकडं मान वळवून "आदरणीय साहेबांनी जे कार्य केलं" असं बोलायचं बंद करा. तोंड वळतं, माईक तिथंच राहतो. लोकांना अर्धं वाक्य ऐकू येतं आणि साहेबांना तुमचा कान दिसतो.

ओरडू नका. ओरडायचं काम अँप्लिफायरचं आहे, त्यासाठी तुम्ही मला पैसे दिलेत. ओरडलात तर मला आवाज खाली करावा लागतो, आणि मग तुम्ही हळू बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही.

मैदान आणि हॉल

पत्र्याच्या मंगल कार्यालयात आवाज घुमतो. मैदानात वेगळाच प्रकार होतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटर मागं बसलेल्याला जवळ लावलेल्या कॉलमचा आवाज आधी येतो आणि स्टेजवरच्या कॉलमचा तोच शब्द पाव सेकंदानं मागून येतो. म्हणून मैदानात भराभर बोललं की मागं नुसता काला होतो. वाक्य लहान ठेवा, संपलं की थांबा. थांबलेला तो एक सेकंद स्टेजवर फार मोठा वाटतो. खाली तो कुणाच्या लक्षातही येत नाही, उलट त्या वेळातच लोकांच्या डोक्यात तुमचं वाक्य उतरतं.

साताऱ्यात 18 ऑक्टोबर 2019 ला शरद पवारांची पावसातली सभा झाली, ती सगळ्यांनी मोबाईलवर बघितली आहे. राजकारण बाजूला ठेवा. आम्ही साऊंडवाले पाऊस आला की पहिली ताडपत्री मिक्सरवर टाकतो, माणसांवर नंतर. म्हणून ती सभा बघताना माझा जीव वायरींत अडकलेला. पण भाषण म्हणून बघा. आधीच्या लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, हे त्यांनी सरळ कबूल केलं आणि ती दुरुस्त करायचं काम लोकांवर सोपवलं. थोडक्यात, साध्या शब्दांत. भावजयीचं जास्त झालेलं मीठ आणि हे, माझ्या हिशोबात एकाच जातीचं बोलणं आहे. बोलणाऱ्यानं स्वतःची चूक उघडी केली की ऐकणारा सैल होतो.

आणि भाषेचं म्हणाल तर क्रांतिसिंह नाना पाटील आमच्या वाळवा तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे. 1930 मध्ये तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत पडले, गावोगाव गावरान बोलीत बोलले, आणि त्या बोलण्यावर माणसं उभी राहिली. तेव्हा "मला शुद्ध बोलता येत नाही" ही सबब निदान सांगली-सातारच्या माणसानं तरी सांगू नये. घरात बोलता तसं बोला.

भीती

आता एक गोष्ट सांगतो ती फक्त माईकवाल्यांनाच माहीत असते. भाषण संपल्यावर कॉर्डलेस माईक आम्ही परत घेतो. तीस-तीस वर्षं निवडणुका लढवलेल्या माणसाच्या हातनं घेतलेला माईकही पुष्कळदा घामानं ओला असतो. रुमालानं पुसून पुढच्याला द्यावा लागतो. समोर कुणाला पत्ता लागत नाही. तर भीती जाईल याची वाट बघत बसू नका, ती पुढाऱ्यांचीही गेलेली नाही.

तिला घेऊन उभं कसं राहायचं ते सांगतो. आधी पोटभर जेवू नका. गार पाणी, आईस्क्रीम नको, कोमट पाणी जवळ ठेवा. तोंडातला मावा थुंकून या, हे लिहायला नको खरं, पण लिहावं लागतं. नाव पुकारलं की सावकाश चाला. धावत गेलेला माणूस पहिली दोन वाक्यं धापा टाकत बोलतो. माईकसमोर उभं राहिल्यावर श्वास पूर्ण बाहेर सोडा. घ्यायचा नाही, सोडायचा. घेणं आपोआप होतं. मनात एक, दोन म्हणा. मग पाठ केलेलं पहिलं वाक्य.

बघायचं कुठं? तीन माणसं निवडा. एक डावीकडं, एक उजवीकडं, एक अगदी मागं, खांबाला टेकलेलं. पहिल्या रांगेकडं बघू नका, तिथं मान्यवर असतात आणि मान्यवरांचे चेहरे कोणत्याही भाषणाला सारखेच असतात. एक वाक्य एका माणसाला सांगा, पुढचं दुसऱ्याला. मान हलवणारी एखादी म्हातारी सापडली तर सोन्याहून पिवळं.

पहिलं मिनिट वाईटच जातं, सगळ्यांचंच. विसरलात तर पत्रिकेकडं बघा, पुढचा शब्द वाचा, तिथनं धरा. "सॉरी" म्हणू नका. तुम्ही काय बोलणार होता ते लोकांना कुठं माहीत आहे?

विनोद करायचाच तर तुमच्या फजितीचा करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा नको, तो सगळ्यांनी सकाळीच वाचलेला असतो.

संपवायचं

रात्रीच्या कार्यक्रमात 10 वाजता कायद्यानं माईक बंद करावा लागतो, आणि शेवटी बोलायचं असतं प्रमुख पाहुण्यांना. आधीच्या सहा जणांनी त्यांची वेळ खाल्लेली असते. तुम्ही त्या सहांतले होऊ नका. "शेवटचं एकच सांगतो" हे एकदाच म्हणता येतं. मी एका सभेत ते पाच वेळा मोजलंय. तिसऱ्या वेळेला आचाऱ्यानं पुरी तळायला घेतली आणि वासानं अर्धा मंडप उठला. शेवटचं वाक्य पाठ आहे ना? ते म्हणा, नमस्कार करा, खाली या.

येताना माईक बंद करा. ते विसरतं म्हणून मी वक्ता हलला की फेडर खाली ओढतोच, बोटांना सवयच आहे. भावजयीच्या मेळाव्यात मात्र ओढला नाही. ती चार मिनिटं वीस सेकंद बोलली. मिठाला हशा आला, परत आलेल्या चटणीत नवीन बिनमिठाची मिसळून ती विकली म्हटल्यावर टाळ्या आल्या, आणि शेवटी पहिल्या रांगेकडं बघून, जिथं बघू नको म्हटलं होतं तिथंच बघून, तिनं मशीन मागितलं. मी मिक्सर सोडून तिच्याकडंच बघत बसलो होतो. ती कॉर्डलेस तसाच हातात धरून पायऱ्या उतरली, माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली,

"भावजी, बरं झालं का?"

अठरा कॉलममधून ते सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं. बायका मागनं ओरडल्या, "झालं!"